चौकटीवरचे दोन इंच

मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके माझ्याकडे. नोकरीची सोळा वर्षं मी लोकांवर संशय घेण्यात घालवली आणि सरकारनं त्याबद्दल मला दर महिन्याला पगार दिला. कापडवाला कापड ताणून मोजतो, तांदूळवाला मापात अंगठा बुडवतो, पारड्याच्या बुडाला मेणाचा गोळा चिकटवलेला असतो, हे सगळं मी माझ्या या हातांनी पकडलेलं आहे. डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात मी शिरलो की दहा दुकानं पुढे निरोप पोचायचा. मोरजीच्या मासळीवाल्या बायका तर मला बघून तराजू पाटीखाली सारायच्या आणि वर "सायबानूं, चा घेतलास?" असं गोड विचारायच्या.

ती सवय घरी येताना ऑफिसात ठेवून येता येत नाही. सकाळी पोदेर पाव देऊन गेला की मी एक पाव हातात तोलून बघायचो. माझी बायको विनोदिनी म्हणायची, "तुमी एक दिस देवाच्या निर्माल्याचांय वजन करशात." तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

आमची संजना चार वर्षांची असताना तिला रक्ताचा कॅन्सर झाला. औषधांनी गेला असं वाटलं आणि सहाव्या वर्षी परत आला. मग मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, की आता हाडातली मज्जाच बदलायला हवी. तिचा भाऊ गौरेश तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, त्याची मज्जा जुळली. आधी संजनाच्या सबंध अंगाला किरणं देऊन तिची स्वतःची मज्जा संपवली, आणि मग गौरेशची, एका पिशवीतून, रक्त चढवतात तशी तिच्या शिरेत सोडली. चार महिने आम्ही मुंबईत होतो. पोर वाचली. यापुढे मी देवाकडे काही मागणार नाही असं मी तेव्हा ठरवलं होतं.

निघताना तिथल्या डॉक्टरांनी बजावलं, "हिच्या वाढीवर लक्ष ठेवा. किरणांनंतर काही मुलांची उंची वाढायची थांबते." म्हणून दर सहा महिन्यांनी तिला पणजीला शालिनी डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. मला त्याचं काही विशेष वाटलं नाही. लक्ष ठेवायचं म्हणजे मोजायचं, आणि मोजण्यात मला कोण शिकवणार?

शिवाय आमच्याकडे घरचं माप होतंच. इब्रामपूरला आमच्या घरात गणपती बसतो त्या खोलीच्या दाराची चौकट फणसाच्या लाकडाची आहे. चवथीच्या आदल्या दिवशी, गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी बांधायच्या आधी, घरातल्या पोरांना एकेक करून त्या चौकटीला पाठ लावून उभं करायचं, डोक्यावर नारळाची करवंटी उपडी ठेवायची आणि तिच्या काठाशी कावेनं रेघ मारायची. गेल्या वर्षीच्या रेघेपासून यंदाची रेघ किती वर गेली, एवढंच बघायचं. माझ्या बापाच्या रेघा तिथे आहेत, माझ्याही आहेत. लग्नाच्या वर्षी शेवटची रेघ मारतात आणि शेजारी नाव कोरतात. त्यापुढे माणूस फक्त फुगतो, असं आमच्याकडे म्हणतात.

आणि एक नियम. चवथ सोडून मधे कधी मोजायचं नाही. मधे मोजलं की वाढ खुंटते. मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नव्हे, पण या पोरीच्या बाबतीत नियम मोडून बघायची माझी छाती नव्हती.

२००२ साली, चवथीच्या महिनाभर आधी, मी त्या खोलीला लादी घालून घेतली. जुना लाल कोबा ठिकठिकाणी फुटला होता. काम करायला खानापूरकडचा महेश नावाचा गवंडी आला. गवंडी म्हटल्यावर मी रजा काढून कदेल टाकून त्याच्यासमोर बसलो. तो म्हणाला, "साहेब, कोबा मजबूत हाय, फोडायला नको. वर एक इंच माल टाकला की पुरतंय की."

मी म्हटलं, "दीड इंच. एक सूतही कमी चालणार नाही." सिमेंट वाचवून दुसऱ्या कामाला न्यायचं, हे मला ठाऊक होतं. मी दर हाताला पट्टी घालून मालाची जाडी बघितली. दीड इंच माल, वर अर्ध्या इंचाची लादी. महेशनं बिचाऱ्यानं हूं की चूं केलं नाही. लादी बसल्यावर दार खाली घासायला लागलं, म्हणून सुताराला बोलावून फळी खालून तासून घेतली. खोली अशी झकास झाली की गणपतीसुद्धा खूश होईल.

चवथीच्या आदल्या दिवशी संजना चौकटीला उभी राहिली. मी करवंटी ठेवली, रेघ मारली, तिला बाजूला केलं आणि बघतच राहिलो. गेल्या वर्षीच्या रेघेपासून सव्वादोन इंच! मी विनोदिनीला हाका मारून बोलावलं. गौरेश तर जवळजवळ पाच इंच वर गेला होता, पण त्याचं वयच तसं होतं, मिसरूड फुटायचं. आनंद मला संजनाचा झाला. दुसऱ्याच दिवशी पोरीनं टाचा उंचावून त्या दाराची वरची कडी काढली. आजवर तिचा हात तिथे कधी पोचला नव्हता. मी मनात म्हटलं, घ्या, याहून पुरावा काय हवा?

जानेवारीत पणजीला गेलो. शालिनी डॉक्टरच्या खोलीत भिंतीला उंची मोजायची काठी आहे, तिच्यावर सरकणारी आडवी फळी. नर्सनं संजनाला तीनदा उभं केलं, टाचा भिंतीला, हनुवटी सरळ, आणि तीनदा आकडा लिहिला. डॉक्टरनं जुनी पानं उलटली आणि पेन खाली ठेवलं.

"गावस," ती मला म्हणाली, "वर्षभरात ही आठ मिलिमीटर वाढली आहे. एक सेंटिमीटरसुद्धा नाही. या वयाला पाच तरी हवेत."

मी म्हटलं, "शक्य नाही. आमच्याकडे सव्वादोन इंच वाढली आहे."

"कुठे मोजलीत?"

"घरी. माझ्या हातानं."

तिनं वाद घातला नाही. ती सांगत राहिली, की डोक्यातल्या एका ग्रंथीतून वाढीचं द्रव्य येतं, किरणांनी ती दबली असेल, त्याची तपासणी करायला हवी आणि तसं निघालं तर रोज एक इंजेक्शन. "आता ती दहाची आहे. हाडांची टोकं एकदा मिटली की मग कुठलंही औषध चालत नाही. आपल्या हातात थोडीच वर्षं आहेत, त्यातलं एकही फुकट घालवू नका."

रोज एक इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं. माझ्या डोक्यात लगेच चक्र फिरायला लागलं. कोणाचं तरी औषध खपायला हवं. त्यासाठी पोर खुजी ठरायला हवी. आणि खुजी ठरवायला काय लागतं? फळी जरा जोरात दाबली की झालं. कापड ताणून मोजणारे मी पाहिले होते, हे दाबून मोजणारे.

बाहेर आल्यावर मी संजनाला बाकावर बसवलं. "त्या नर्सीन फळी दाबल्यान मा तुज्या माथ्यार?"

"ना बाबा. हळूच ठेवल्यान."

"कोणी शिकयल्यान तुका असां सांगूक?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं मान खाली घातली आणि चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत बसली.

बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. म्हापसा गेल्यावर एकदम म्हणाली, "बाबा, येत्या चवथीक तूय रव चौकटीकडे."

"मी कित्याक? माजी वाड लग्नाच्या वर्साक संपली."

"तरी पण रव."

मला हसू आलं. पोर माझी फिरकी घेते आहे असं वाटलं. मी तिला शेंगदाण्याची पुडी घेऊन दिली आणि विषय तिथेच संपला.

मी तपासणी करून घेतली नाही. डॉक्टरचं पत्र आलं, ते मी फायलीत लावलं. दुसरं आलं, तेही लावलं. विनोदिनीला आधी माझंच खरं वाटत होतं, कारण रेघ तिनं डोळ्यांनी पाहिली होती. पण हळूहळू ती कुरकुरायला लागली. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा तिनं जुना युनिफॉर्म संजनाच्या अंगाला लावून बघितला.

"दोन वर्सां ह्योच युनिफॉर्म. दुमडय सोडूची लागली नाय."

"यशवंत शिंप्यान मोटो शिवलो आसतलो. त्याचां माप कधी बरोबर आसता?"

"आणि चपलां?"

"आता चपलांचे नंबर कंपनीवाले मनाक येतत तसे घालतत."

"आणि इस्कोलात प्रार्थनेच्या रांगेत ता अजून सगळ्यांच्या फुडे. रांगय चुकली?"

मी म्हटलं, नव्या बाईंना रांग लावता येत नसेल. विनोदिनीनं युनिफॉर्मची घडी घातली, ती मात्र जरा आपटूनच. आता मागे बघतो तेव्हा कळतं, की त्या सहा महिन्यांत मी शिंप्याला, चपलांच्या कंपनीला, शाळेला, नर्सला आणि डॉक्टरला असं सगळ्यांना खोटं ठरवलं होतं. खरी एकच, माझी चौकट.

जुलैत विनोदिनीनं निर्वाणीचं सांगितलं. "तुमी येवा नायतर रवा, मी उद्या तेका घेवन पणजे जातंय."

मी गेलो. पण कशासाठी गेलो ते ऐका. खात्याची पोलादी मोजपट्टी असते, लाकडी पेटीतली. तिच्यावरून आम्ही इतर मापं तपासतो. ती पेटी मी पिशवीत घातली आणि एक पाणसळही घेतली. डॉक्टरच्या उंची मोजायच्या काठीला मी पकडणार होतो. पंचनाम्याचे शब्दसुद्धा बसमध्ये मनात जुळवून ठेवले होते.

शालिनी डॉक्टरला मी सरळ सांगितलं, "मला तुमचं माप तपासायचं आहे." तिनं एकदा विनोदिनीकडे बघितलं, विनोदिनी लाजेनं भिंतीकडे बघत होती. डॉक्टर म्हणाली, "तपासा. लागेल तेवढा वेळ घ्या."

मी पाणसळ जमिनीवर ठेवली. जमीन सपाट. पट्टी काठीला लावली. पन्नासावर पन्नास, शंभरावर शंभर, एकशे वीसवर एकशे वीस. पुन्हा लावली, दुसऱ्या बाजूनं लावली. फळी काटकोनात होती आणि अलगद सरकत होती. मग मी स्वतः, माझ्या हातानं, संजनाला उभं केलं आणि फळी केसांना टेकेल एवढीच खाली आणली. एकशे एकोणीस सेंटिमीटर आणि चार मिलिमीटर. जानेवारीत नर्सनं एकशे एकोणीस आणि एक लिहिलं होतं.

मी पट्टी पुसून पेटीत ठेवली. दोन मापं जुळत नाहीत आणि त्यातलं एक खरं ठरलं, तर खोटं कुठलं हे सांगायला निरीक्षक लागत नाही. तरी येताना सबंध वाटभर मी चौकटीची बाजू मनात लढवत होतो. लाकूड पावसात फुगतं म्हणावं, तर सव्वादोन इंच कसं फुगेल?

घरी आलो, पिशवी कदेलावर टाकली आणि संजनाला म्हटलं, "रव चौकटीकडे." विनोदिनी म्हणाली, "चवथ नाय आज!" मी तिला हातानं थांबवलं. करवंटी ठेवली. गेल्या चवथीच्या रेघेपासून करवंटीचा काठ दोऱ्याएवढा वर होता. म्हणजे चौकटसुद्धा सांगत होती, की दहा महिन्यांत पोर वाढलेली नाही. मग त्याच्या आदल्या वर्षीचे सव्वादोन इंच आले कुठून?

संजना चौकटीपासून बाजूला झाली. म्हणाली, "आता तू रव."

या वेळी मला हसू आलं नाही. मी चपला काढल्या, पाठ लावून उभा राहिलो. संजनाचा हात पोचेना, म्हणून विनोदिनीनं माझ्या डोक्यावर करवंटी ठेवली आणि काठाशी कावेची रेघ मारली. मी वळून बघितलं. माझी शेवटची रेघ लग्नाच्या वर्षीची, शेजारी 'कृष्णनाथ' असं बापानं कोरलेलं. नवी रेघ तिच्यावर होती. पेटी उघडून पट्टी लावली. बरोबर दोन इंच.

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी दोन इंच वाढलो होतो.

मी खाली बघितलं. उंबरा निम्मा जमिनीत गेलेला. दाराची तासलेली फळी. दीड इंच माल आणि अर्धा इंच लादी, मीच मोजलेले, मीच हट्टानं भरून घेतलेले. कुठल्याही तराजूची तपासणी रिकाम्या पारड्यापासून सुरू होते, काटा शून्यावर आहे की नाही ते आधी बघतात. खात्यात नव्यानं आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी मी हेच शिकवायचो. आणि माझ्या घरात, माझ्या पोरीच्या पायाखालचं शून्य मीच दोन इंच वर उचललं होतं आणि त्यावर तिची करवंटी ठेवून नाचलो होतो.

एरवी विनोदिनीनं मला सोडलं नसतं, पण ती चौकटीला धरून उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी संजनाकडे वळलो.

"कधी कळलां तुका?"

"लादी घातली तेच चवथीक. कडयेक हात पावलो मगे." ती कडीकडे बघत म्हणाली. "इस्कोलात फळ्याक पावना नाय. घरातच तेवडा वाडलंय."

"मगे माका सांगूक नाय?"

"बशीत सांगलंय. तूय रव म्हणान."

"तसां नाय. सरळ कित्याक सांगूक नाय?"

ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तू विचारतलस, कोणी शिकयल्यान तुका."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाजारात इतक्या लोकांनी मला शिव्या दिल्या, एकानं तर अंगावर पाच किलोचं वजन फेकलं होतं, पण इतकं मला कधी लागलं नव्हतं. दहा वर्षांच्या पोरीनं माझं माप घेतलं होतं आणि ते बरोबर होतं. खरं सांगून उपयोग नाही, कारण बाप ते खरं धरणार नाही, एवढं तिला कळलं होतं. म्हणून त्या बसनंतर ती सहा महिने गप्प राहिली. मी तिला जवळ घेतलं. ती आली, पण अंग आखडून उभी राहिली, आणि त्याबद्दल मी तिला दोष देत नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आम्ही परत पणजीला गेलो. मी शालिनी डॉक्टरला लादीची सगळी हकिकत सांगितली, एक शब्द न गाळता. ती हसली नाही. तिनं संजनाच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढायला सांगितला, आणि तो उजेडासमोर धरून बराच वेळ बघत राहिली.

"उघडी आहेत," ती शेवटी म्हणाली. "अजून उघडी आहेत हाडं. रक्ताच्या तपासण्या होऊ देत, मग सुरू करू. पण आधीच सांगते, गौरेशएवढी उंच ती होणार नाही. जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवायचं."

मी विचारलं, "माझ्यामुळे किती गेले? किती इंच?"

"ते मोजता येत नाही, गावस."

मी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच उत्तर दिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तपासण्या झाल्या. ग्रंथी दबलेलीच निघाली. ऑगस्टपासून इंजेक्शन सुरू झालं. रोज जेवणाआधी विनोदिनी देते, मांडीला, आज डाव्या, उद्या उजव्या. सुईची मात्रा मी तपासायला जात नाही. पहिल्या दिवशी हात शिवशिवला होता, पण संजना माझ्याकडे बघत होती, म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसलो. तिनं तोंडातून आवाज काढला नाही. मुंबईत तिनं याहून खूप काही सोसलं होतं.

मग चवथ आली. माटोळीचं सामान अंगणात येऊन पडलं होतं, गौरेश काठ्या बांधत होता. चौकटीच्या तळाशी मी लादीची तारीख लिहून ठेवली होती, म्हणजे पुढे कोणाची फसगत नको. मी करवंटी घेतली आणि संजनाला हाक मारली.

ती आली आणि चौकटीपासून दोन पावलं अलीकडेच थांबली.

"आदी तू," ती म्हणाली.

मी चपला काढल्या, टाचा चौकटीला लावल्या, हनुवटी सरळ केली. तिनं आतून मेजाजवळचं स्टूल ओढत आणलं, त्यावर चढली आणि माझ्या डोक्यावर करवंटी ठेवली. ती नीट बसेपर्यंत दोनदा सरकवली, काठाशी बोट धरलं आणि मला बाजूला व्हायला सांगितलं. जुलैतली रेघ आणि तिचं बोट एकाच जागी होतं. बोट न हलवता तिनं खाली लादीकडे बघितलं, उंबऱ्याकडे बघितलं, मग पुन्हा रेघेकडे. मी वाढलेलो नाही याची तिनं पुरती खात्री करून घेतली, आणि मग ती चौकटीला पाठ लावून उभी राहिली.